बिनदाराचा दवाखाना

वडगिरी गावाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. कोल्हापूर संस्थानचा नकाशा काढणारा कारकून शिवारात आला, तेव्हा गावची हद्द कुठून धरायची यावर असं भांडण जुंपलं की तो बिचारा दुपारपर्यंत थांबला, शाईचा एक ठिपका टाकला आणि घोड्यावर बसून निघून गेला. मग त्या ठिपक्यावरून दोन पिढ्या भांडल्या. वडगिरीची माती काळी, ऊस मनगटाएवढा, आणि माणसं दोन्हींपेक्षा चिवट. तिथल्या बैलांना चाबूक लागत नसे म्हणतात. ‘डावीकडं जाऊ नको’ म्हटलं की ते डावीकडंच वळत.

अशा गावात नागाप्पा आण्णा सगळ्यात चिवट गणला जाई. यावरून काय ते समजा.

नागाप्पाचं चावडीसमोर किराणा-गुळाचं दुकान होतं. घराणं लिंगायत, आजोळ कानडी मुलखातलं. तिथल्या एका स्वामींनी लहानपणी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की गळ्यात लिंग आलं की माणसाची जात गळून पडते आणि मग समोरच्याची जात बघायला डोळा उरत नाही. पोरवयात कानात पडलेलं बरंच काही पुढं सांडून जातं. नागाप्पाचं हे सांडलं नाही, उलट वयाबरोबर घट्ट होत गेलं. पाक उतरवायला उशीर झाला की गूळ होतो ना, कोयत्यानंही न फुटणारा, तसं.

प्लेगनं गाव दोनदा माळावर नेऊन बसवलं होतं. दुसऱ्या खेपेला परतताना चुली कमी पेटल्या. त्यानंतर दरबारचा हुकूम आला. वडगिरीला दवाखाना मिळेल, कंपौंडर मिळेल, बायांसाठी कोल्हापुरात शिकलेली सुईणसुद्धा मिळेल. अट एकच. जागा गावानं द्यायची आणि पाचही पंचांनी हात वर करून ठराव करायचा. चार हात वर आणि एक खाली, असलं दरबारला चालणार नव्हतं. प्लेगच्या छावणीवरून दगडफेक झालेली दरबारनं पाहिली होती.

चावडीत जोतीराम पाटलानं ठराव मांडला. "दवाखाना घ्यायचा. दारं दोन. फुडलं गावाला, मागलं वेशीभायेरच्या लोकास्नी. बोला."

चार हात वर गेले. पाचवा पंच नागाप्पा, त्याचा हात मांडीवर.

"आण्णा, हात दुकतोय काय?" पाटलानं विचारलं.

"हात ठणठणीत हाय. ठराव दुकतोय."

"आरं, दवाखाना मिळतोय की!"

"रोग कुठल्या दारानं आलता, पाटील? प्लेगाच्या वक्ताला उंदरानं इचारलं हुतं व्हय, मागलं दार कुठं हाय म्हणून?"

लोक हसले. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण लोक हसले की नागाप्पाला चेव यायचा. त्यानं सदऱ्यातून चांदीची करंडी काढली, उघडली, आतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि भरल्या चावडीत बोलला, "ज्या दवाखान्याला दोन दारं, त्याची पायरी मी चढणार न्हाय. माझ्या घरचं कुणी चढणार न्हाय. ही लिंगाची आण."

बाहेर चिंचेखाली वेशीबाहेरच्या वाड्यातली माणसं उभी होती, त्यांत तानाबाई होती. तिनं फक्त पदर नीट केला.

घरी बायकोनं, नीलम्मानं ताट वाढलं आणि मीठ जरा जोरातच वाढलं. "अवो, रोज सकाळी ज्याला बेल वाहता, त्याला चावडीत साक्षीला उभं केलं? लिंग काय कुळकर्णी हाय व्हय?"

"तत्त्वाची गोष्ट हाय."

"तत्त्व तुमचं. पायरी न चढायची ती घरच्यांनी. मला इचारलंत? शिवगंगेला इचारलंत?"

शिवगंगा त्यांची एकुलती लेक, सीमेकडच्या गावात दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं होतं, आतल्या अंधाऱ्या खोलीत. मूल जन्मलं ते निळं. शिवगंगा वाचली कशी, ते तिचं तिलाच ठाऊक. नागाप्पानं भाकरी मोडली आणि ताट बाजूला सरकवलं. तरी तो म्हणाला, "दरबार वाकंल. दोन म्हैन्यांत एका दाराचा हुकूम येतोय का न्हाय, बग."

दरबार वाकला नाही, पाटील वाकला नाही आणि नागाप्पाला तर वाकायचा सांधाच नव्हता. हुकूम तसाच पडून राहिला. त्याच्या कागदावर चिमणीनं घरटं केलं आणि पिल्लं उडून गेली तरी ठराव होईना.

पुसाच्या थंडीत तानाबाई दुकानासमोर आली. रस्त्यावरच उभी राहिली.

"वर ये, तानाबाई. माझ्या दुकानाला पायरी सगळ्यास्नी हाय."

"हितंच बरी हाय. आण्णा, माझ्या बाळ्याला हगवण लागलीया. तीन रोज झालं. डोळं आत गेल्यात. शिरोळच्या दवाखान्यात न्यायला गेलते, निम्म्या वाटंवर पोरानं मान टाकली, परत आणलं. थोडी साकर द्या, पान्यात घालून पाजते."

नागाप्पानं साखरेची मोठी पुडी बांधली. "मी तुमच्यासाठीच भांडतोय बग. मागल्या दारानं औषध घेताना तुलाच कसं वाटंल?"

तानाबाईनं पुडी घेतली. "मला दाराचं काय वाटायचं? जल्म गेला मागल्या दारात. तुमी भांडताय ते खरं हाय, आण्णा. पर जरा लवकर भांडा. पोरात दम उरला न्हाय."

बाळ्या तिचा नातू. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी एक छोटा खड्डा खणला गेला. नागाप्पा दुकानातून उठला, वेशीपर्यंत गेला आणि तिथून परतला. त्यानंतर आठवडाभर त्याच्या हातून तराजूचं पारडं सरळ राहीना. गिऱ्हाइकं खूश होती, कारण चूक दर वेळी त्यांच्याच बाजूनं होई.

आणि एका सकाळी तागडीकडं बघता बघता त्याला युक्ती सुचली. तो अनवाणीच चावडीत गेला.

"पाटील, भांडण दाराचं हाय न्हवं? मंग दारच नगं."

"म्हंजे?"

"भिंतीच बांधायच्या न्हाईत. खांब उभं करायचं, वर कौलं. भिंत न्हाय तर दार कुठलं? फुडलंबी न्हाय, मागलंबी न्हाय."

पाटलानं मिशी चावली. दोन दारं मिळत नव्हती, पण एक दारही होत नव्हतं. भाऊबंदांना सांगायला जागा राहत होती. "हुकमात भिंती लिवल्यात काय रं?" त्यानं कुळकर्ण्याला विचारलं. हुकमात भिंती नव्हत्या. कोल्हापुरात बसून हुकूम लिहिणाऱ्याला बिनभिंतीचा दवाखाना सुचणार कसा? पाचही हात वर गेले. नागाप्पाचा सगळ्यांत उंच.

बांधकाम कुतुबुद्दीन गवंड्याकडं आलं. तो चौथऱ्यावर ओळंबा सोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आण्णा, चाळीस वर्सं भिंती बांधल्या. आता म्हातारपणी वारा बांधायला लावलासा."

शिमग्याला चावडीशेजारी दवाखाना सुरू झाला. काय त्याची शोभा सांगावी! पहिल्याच दिवशी वावटळ आली आणि खोकल्याची पूड उडून कृष्णेपलीकडं गेली. पलीकडच्या गावाचा खोकला थांबला आणि त्यांनी आभाराचा नारळ धाडला. एका कावळ्यानं हिवतापाच्या गोळ्यांची पुडी पळवली. त्या चिंचेवरच्या कावळ्यांना पुढं कधी ताप म्हणून आला नाही, पण कोयनेलनं कान बसतात तसे बहिरे झाले ते कायमचे. शेळीनं कापूस खाल्ला. तिला पुढं जी करडं झाली, त्यांची लोकर काढून पाटलानं घोंगडं विणून घेतलं असं तो शपथेवर सांगे.

नागाप्पा दुकानात बसून समोर बघे आणि सुखावे. मधे दोरी नाही, आडोसा नाही. गावची माणसं या खांबाला टेकून बसत, वाड्यातली त्या खांबाला, मधे दोन हात जागा आपसूक मोकळी राही. ती कुणी आखलेली नव्हती, म्हणून नागाप्पाला दिसतही नव्हती.

"गर्दी हाय की न्हाय?" तो नीलम्माला म्हणाला.

"हाय की. धोतरांची."

"आँ?"

"एक लुगडं दावा त्यात. एक. उघड्यावर, समद्या चावडीफुडं, कुठली बाई पोटाचं दुकणं सांगंल? पाटलीण पाच रोज अंगावर काढतीया. तानाबाईची सून दवाखान्याच्या मागनं जाती, वर बघत न्हाय. तुमी दार काडलं आन् निम्मं गाव भायेर ठिवलं."

नागाप्पानं समोरच्या खांबांकडं बघितलं. खरंच, लुगडं नव्हतं. एवढे दिवस ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

वैशाखात शिवगंगा आली, दुसऱ्यांदा पोटुशी. बैलगाडीच्या हिसक्यानं वाटेतच तिला रक्त दिसलं होतं. पाय सुजले होते, चेहरा उतरला होता. त्याच आठवड्यात दरबारनं नेमलेली सुईण, शालूबाई, जागा बघायला आली. काळी पेटी, जाड चष्मा. तिनं खांबांभोवती एक चक्कर मारली.

"खोली कुठाय?"

"हीच की," कंपौंडर म्हणाला.

"इथं? मी बाळंतपणं करायची की तमाशा? माझी नेमणूक खोलीवर आहे आणि खाटेवर आहे. खाट शिरोळात येऊन पडलीय, ती ठेवू कुठं, कावळ्याखाली?"

नागाप्पानं तिला हात जोडून घरी नेलं. तिनं शिवगंगेला तपासलं, हात धुतले आणि ओटीवर येऊन खुर्चीच्या कडेला बसली.

"मूल आडवं आहे. फिरेल किंवा नाही फिरणार. हिला आता गाडीत बसवायची नाही. शिरोळला नाही, कुठंच नाही."

"मंग तुमीच हितं ऱ्हावा, बाई. घरीच करा."

"पहिलं घरीच केलं होतं ना?" तिचा आवाज चढला नाही. "उजेड पाहिजे, उकळलेलं पाणी पाहिजे, माझी खाट पाहिजे. खोली बांधा, मी येते. आषाढात नदी चढली की होडीही मिळणार नाही. तेव्हा हाका मारू नका."

ती गेली. आतून शिवगंगेचा आवाज आला. "अप्पा, खोली बांधतील न्हवं?"

नागाप्पानं हो म्हटलं. खोली म्हणजे भिंती, भिंती म्हणजे दारं, आणि दारं म्हणजे काय ते त्याच्यापेक्षा कुणाला ठाऊक होतं? त्या रात्री म्हणे वडगिरीतल्या कुत्र्यांनीही भुंकणं बंद ठेवलं, नागाप्पा विचार करतोय म्हणून. पण विचार कसला? सगळा चढ आणि उतार जागच्या जागी. शिवगंगेकडं बघितलं की शपथ हलकी वाटे आणि करंडी चाचपली की छातीवर धोंडा.

पंच पुन्हा बसले. पाटलानं पान लावलं, सावकाश.

"बायांसाठी भिंती घालूया, आण्णा, माझी ना न्हाय. आमच्या घरातबी दुकणं हाय. पर दारं दोन. एका दारानं आमच्या बाया जाणार न्हाईत. गेल्या तर भाऊबंद मला वाळीत टाकतील. मी काय करू? मला काय हौस हाय?"

"पाटील, एक दार..."

"आण्णा." पाटलाचा आवाज खरोखरच मऊ झाला. "तुझी शिवगंगा माझ्या मांडीवर खेळलीया. मला तिच्यावर सौदा करायचा न्हाय. पर दारं दोन."

कुतुबुद्दीन भिंतीला टेकून बसला होता. तो खाकरला. "दोन दारं म्हंजे मधे भिंत बी आलीच म्हणा की."

"आली."

"आन् दरबारची खाट एक. ती कुठल्या अंगाला ठिवू? का भिंतीत चिणू?"

चावडीत हशा पिकला. नागाप्पाला त्या हशात दोरीचं एक टोक दिसलं आणि त्यानं ते धरलं. "दारं दोन. भिंत मधे न्हाय. खाट एक, शालूबाई एक. ही माझी अट."

पाटलानं पान गालात सरकवलं. "आतलं आत ऱ्हाऊ द्या. भायेरनं दिसंल ते दोन दिसलं पायजे. करा हात वर."

चार हात वर गेले. नागाप्पाचा उजवा हात मांडीवर होता. तो उचलणार, तेवढ्यात चिंचेखालून आवाज आला.

"आण्णा."

तानाबाई एक पाऊल पुढं आली होती. "बाळ्याच्या वक्ताला हीच दोन दारं हुती न्हवं?"

पाटलानं खाली बघितलं. नागाप्पाला उत्तरं पुष्कळ होती. तेव्हाच्या ठरावात मधे भिंत येत होती, आता नाही. तेव्हा खाट नव्हती. शब्द ओठावर आले आणि त्याला त्यांचीच लाज वाटली. शपथ घेताना लिंग तळहातावर केवढंसं वाटलं होतं. आता रिकामा हात उचलेना. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून त्यानं तो वर केला.

"व्हय," तो म्हणाला. "हीच हुती."

कुतुबुद्दीननं भिंती इतक्या झपाट्यानं चढवल्या की उंदरांना आत कोंडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. कृष्णा चढायच्या आत शालूबाई पेटी आणि खाट घेऊन आली. पहिल्या बाजारच्या दिवशी तिथं इतकी लुगडी लोटली की कंपौंडर घाबरून खांबावर चढला. पुढल्या दारानं पाटलीण, मागल्या दारानं तानाबाईची सून. आत एकच बाक होता. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या. नागाप्पानं हे नीलम्माकडून ऐकलं. तो स्वतः दुकानातून उठलाच नाही.

आषाढातल्या एका दुपारी शिवगंगेच्या कळा सुरू झाल्या. नीलम्मानं एका बाजूनं धरलं, नागाप्पानं दुसऱ्या. चावडीजवळ आल्यावर नागाप्पानं लेकीला वळवलं, दवाखान्याच्या पाठीमागं.

"तिकडं कुठं?" नीलम्मा ओरडली. "फुडलं दार हिकडं हाय!"

"न्हाय. मोडायचीच हाय शपथ तर मागल्या दारानं मोडतो. माझी लेक ह्याच दारानं जाईल."

मागल्या पायरीवर तानाबाई बसली होती. सून आत होती. तानाबाईनं नागाप्पाला बघितलं आणि ती उठली नाही.

"आण्णा, हे आमचं दार हाय. फुडनं जावा."

"तानाबाई, मी मुद्दाम..."

"त्येच की. मुद्दाम." तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "तुमाला बरं वाटाय पायजे म्हणून आमच्या दारात गर्दी करू नगा. तुमच्यासाठी दोन दारं हाईत. आमाला ह्ये येकच."

पुढं जावं की मागं वळावं, नागाप्पाला कळेना. शिवगंगेनं एक कळ दातात धरली, मान वर केली आणि किंचाळली, "अप्पा! कुठलंबी चालंल! पर आत्ता!"

तानाबाई उठली. नागाप्पाचा हात बाजूला करून तिनं शिवगंगेला काखेत घेतलं. "चल बाई. तुजा बाप आजून इच्चार करतोय." नीलम्मा, शिवगंगा आणि तानाबाई तिघी मागल्या दारानं आत गेल्या. जवळचं तेच होतं म्हणून.

नागाप्पाचा एक पाय पायरीशी होता. तो त्यानं उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. स्वतःपुरती तरी शपथ पाळली, असं मनाला सांगून बघितलं. मनानं ऐकलं नाही. तो भिंतीच्या कडेला चिखलात बसून राहिला. आतून लेक ओरडे तेव्हा तो भिंतीवर कपाळ टेकवी. शालूबाईचा आवाज येई, मधेच तानाबाईचा. "दम धर, धर." बिनभिंतीचा दवाखाना असता तर सगळं दिसलं असतं. आता नुसतं ऐकायचं होतं.

उन्हं कलली आणि आत काहीतरी मांजरासारखं रडलं. मग जोरात रडलं.

तानाबाई बाहेर आली. कोपरापर्यंत हात माखलेले. "पोरगी हाय. जित्ती हाय. शिवगंगाबी." एवढं बोलून ती पायरीवर टेकली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली. "पाणी असंल तर वता जरा. हात धुती. घसा बी वाळलाय."

नीलम्मानं घरून आणलेला तांब्याचा तांब्या पायरीखाली भरलेला होता. नागाप्पानं झटकन उचलला. तानाबाईनं आधी हात धुवून घेतले, मग प्यायला ओंजळ पुढं केली. त्यानं तांब्या कलता केला. पाण्याची बारीक धार उंचावरून तिच्या ओंजळीत पडू लागली, खांद्याइतक्या उंचावरून, एक थेंब तांब्याला परत लागू नये इतक्या सफाईनं. त्याच्या आजीचा हात असाच जाई, आईचाही.

तानाबाई प्यायची थांबली. तिनं धारेकडं बघितलं, मग धारेच्या वरच्या टोकाकडं.

"हात वर करायची सवय लागली वाटतं, आण्णा."

नागाप्पानं आपल्या हाताकडं बघितलं. तो हात आपलाच आहे हे पटायला त्याला वेळ लागला. चावडीत तत्त्वासाठी खाली राहिलेला, मग लेकीसाठी वर गेलेला, आणि आता कुणी न सांगता इतका उंच चढून बसलेला. त्यानं तो खाली आणला. तांब्याची कड तिच्या बोटांना लागली. पाणी दोघांच्याही हातांवर सांडलं. ती प्यायली, तोंड पुसलं आणि आत गेली, कारण तिच्या सुनेचा नंबर आला होता.

दारात नीलम्मा उभी होती. तिनं ते पाहिलं होतं. तांब्या त्याच्या हातातून घेऊन ती पुढल्या अंगानं घराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नागाप्पानं पूजेला करंडी उघडली. बेल वाहताना त्याची नजर देवघराच्या उंबऱ्याकडं गेली. तिथं कालचा तांब्या पालथा घातलेला होता. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. रोजच घासतात तसा, की त्या दिवशी जरा जास्त?

नीलम्मा चुलीपाशी होती. हाक मारली असती तर तिनं सांगितलं असतं.

नागाप्पानं हाक मारली नाही.